काडेपेट्यांचा नमुना आठ

उंबरटाकळीत त्या गुरुवारपर्यंत मॉडेल हा शब्द सुखात नांदत होता. त्याला कामं भरपूर होती, त्रास कुणाचाच नव्हता. शेखरची मोटरसायकल दोन हजार चौदाचं मॉडेल होती, आणि हे तो घराण्याचं नाव सांगावं तशा सुरात सांगायचा. सरपंच दर पंधरा ऑगस्टला गाव मॉडेल करायचे. सोळाला गाव परत आपल्या जागेवर यायचं. शेजारच्या जनकाबाईंच्या मते मॉडेल म्हणजे साडीच्या खोक्यावरची बाई, जिला पदर सांभाळता येत नाही आणि तिच्या घरात तिला कुणी बोलतही नाही. दहावीच्या पोरांना मॉडेल म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मिळणारी तयार उत्तरं. एकच शब्द इतक्या घरी पाहुणचार घेत होता आणि कुठंही भांडण नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो वंदनाच्या घरी आला.

आला तो मोबाइलवर. तिसरीच्या धम्मशीला मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं : ‘प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीचे मॉडेल बनवावे. येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी देऊळघाट येथे प्रदर्शन आहे. माहिती विद्यार्थ्याने स्वतः तोंडी सांगायची आहे.’

वंदना शिलाई मशीनवर बसली होती. ब्लाउजची बाही तशीच सुईखाली सोडून तिनं शेवटची ओळ चार वेळा वाचली. गल्लीचं काही नाही, गल्ली काय, पुठ्ठ्याची करता येते. अडकलं ते ‘तोंडी’वर.

कारण तिची लेक राखी शाळेत बोलत नव्हती. घरात, आईजवळ, दार लोटलेलं असलं की तिची टकळी चालू. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंड बंद. जूनपासून जानेवारी आला, वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. सासूबाई म्हणायच्या, नजर लागली. राखीचा बाप शेखर म्हणायचा, मोठी झाली की बोलेल. जनकाबाई म्हणायच्या, जिभेखाली मध लाव. वंदनानं मध लावून पाहिला होता, राखीनं तो चाटून आणखी मागितला होता.

वंदनानं मॅडमला फोन लावला. “मॅडम, माहिती मीच सांगितली तर चालते का? मी तिच्या बाजूलेच उभी राहीन.”

“राखीची आई,” धम्मशीला मॅडमचा आवाज नेहमी मऊ असायचा, पण त्या मऊ आवाजाला हाडं होती. “तिला सगळं येतं हे मला माहीत आहे. वहीत दिसतं ना. पण तिच्या वतीनं तुम्ही बोलायचं, तिच्या वतीनं मी बोलायचं, हे किती दिवस? एक वाक्य बोलू द्या तिला. एकच.”

एक वाक्य. वंदनाच्या डोक्यात त्या दिवसापासून दुसरं काही राहिलंच नाही. भाकरी थापताना, बटण लावताना, कुणाशी बोलताना तिचं अर्धं लक्ष त्या एका वाक्याकडे, आणि उरलेलं अर्धंही कुठं जागेवर होतं असं नाही. चहात दोनदा मीठ पडलं.

काम मात्र आनंदात सुरू झालं. सासूबाई टीव्हीसमोर बसल्या की दुपारचा दीड तास वंदनाचा. मायलेकी पुठ्ठा घेऊन आतल्या खोलीत बसायच्या. काडेपेट्यांची घरं, राखाडी कागदाचा रस्ता, खराट्याच्या काडीचे विजेचे खांब. राखीनं वहीत गल्ली आधीच उतरवून आणली होती : हातपंप कुठं, लिंब कुठं, कुत्रं कुठं झोपतं. जनकाबाईंची शेळी तिनं कापसाच्या बोंडातला कापूस ओढून केली. शेळीला कान होते, आणि डाव्या कानाचा तुकडा गेलेला होता, खऱ्या शेळीसारखाच. करताना ती सारखी बोलत होती आणि वंदना मुद्दाम खाली बघून डिंक लावत होती. फार बघितलं तर बोलणं उडून जाईल अशी तिला भीती.

पाच दिवसांत आठ घरांची गल्ली झाली. वितभर रुंद, हातभर लांब. डिंक वाळावा म्हणून शालूबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ती उचलून ओसरीत उन्हाला ठेवली.

इथं चूक झाली. त्यांची म्हणावी तर डिंक खरोखर ओला होता.

पहिल्या आल्या जनकाबाई, विरजण मागायला. विरजण तिथंच राहिलं. त्या मॉडेलवर वाकल्या, कमरेवर हात ठेवून.

“वंदे, माहं घर कोन्तं वं?”

“हे काय काकू, शेळीवालं.”

“हे? एक काडीपेटी? अन वामनरावले दोन?”

“त्याइचा वर मजला हाये ना, काकू.”

“मजला? चार टिना ठोकल्या त्याले मजला म्हन्ते व्हय? तसं पाह्यलं तं माह्या घरात तीन पोरं जन्मले! त्याच्या मजल्यावर नुसता कांदा हाये!”

पोरांच्या जन्माचा आणि काडेपेटीचा संबंध वंदनाला लागेना, पण जनकाबाईंचा आवाज गल्लीत लागला. दहा मिनिटांत वामनराव आले. वामनराव तहसीलमधून निवृत्त झालेले. आवक-जावक सांभाळायचे, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आवक काही उरली नव्हती, त्यामुळे गल्लीत जे काही घडे ते आवक म्हणून घेत. त्यांनी चष्मा पुसला. मॉडेलभोवती एक फेरी मारली.

“सूनबाई, स्केल काय?”

“स्केल नाई काका. अंदाजानं केलं.”

“अंदाजानं.” हा शब्द त्यांनी कडू औषधासारखा तोंडात फिरवला. “उत्तर कोणीकडे?”

वंदनानं लिंबाकडे बोट दाखवलं.

“हे शाळेतून देऊळघाटले जाईन. तिथं सायेब लोक येतीन. फोटो काढतीन. फोटो वरतं जाईन.” वामनरावांनी बोट वर केलं, वर ओसरीचं आढं होतं, तरी सगळ्यांनी वर पाहिलं. “अन एकदा फोटो रेकॉर्डले लागला, का मंग तुम्ही कोर्टात जा नाईतं काशीले जा.”

आता इथं थोडं सांगायला हवं, नाहीतर उंबरटाकळीची माणसं उगाच वेडी ठरतील. पावसाळ्यानंतर गावावरून ड्रोन उडाला होता. घरांची मोजणी, प्रत्येकाला मिळकतीचं कार्ड मिळणार. ड्रोनला वरून दिसावं म्हणून आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या घराभोवती चुन्याची रेघ मारायची होती. मारली. भिंत जिथं होती तिथून हातभर पुढं मारली. कुणी दोन हात. नंतर सगळे म्हणाले, वारा होता. ड्रोन दोन दिवस घोंघावला आणि गेला, आणि कार्डं अजून आली नव्हती. तेव्हापासून आख्खी गल्ली जीव मुठीत घेऊन होती, की वरून नेमकं काय दिसलं असेल? आणि आता हे, वरूनच पाहायचं, घराघरांचं, साहेब लोकांपुढं जाणारं. ड्रोनच्या तोंडी लागता आलं नव्हतं. वंदनाच्या लागता येत होतं.

संध्याकाळी ती गिरणीवरून आली तर ओसरीत गल्लीतला टेम्पोवाला दयाराम उकिडवा बसलेला. हातात रांगोळीचं पाकीट. चिमटीनं तो आपल्या काडेपेटीभोवती रेघ ओढत होता, आणि जीभ दातात धरून ओढत होता.

“दयारामभाऊ, हे काय करून राह्यले?”

“हद्द मारून राह्यलो, वहिनी. आमचा ओटा हातपंपापोत हाये.”

“हातपंप तं तिकडे हाये.”

“ओटाई तिकडेच हाये. म्हंजे व्हनार हाये.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “अन वहिनी, मागच्या बाजूले संडास दाखवा एक. कागदावर बांधेल हाये तो. भित्ती हायेत, फक्त सद्या आत कुटार भरेल हाये. बैलाइच्या चाऱ्याचं पाह्यनं पडते ना.”

दुसऱ्या दिवशी ओसरीत माणसं येत-जात राहिली. जनकाबाईंना दुसरी काडेपेटी आणि शेळीला गोठा मिळाला. गोठा मिळाला म्हटल्यावर वामनरावांना जिना हवा झाला. जिना कुणीकडून, यावर त्यांचं आणि जनकाबाईंचं वाजलं. वंदना प्रत्येकाला सांगत होती, “अवो, हे पोरीचं शाळेचं हाये, याचा कायशी काई संबंध नाई.” प्रत्येक जण मान डोलवायचा, अगदी समजूतदारपणे, आणि म्हणायचा, “तेच म्हन्तो मी. नुसतं शाळेचंच हाये तं दोन बोटं सरकवाले काय व्हते?”

वंदना डिंकाची बाटली आणायला आत जायची.

शेखर कृषी सेवा केंद्रातून आला की मॉडेलकडं बघून एवढंच म्हणायचा, “खामगावले तयार भेटते म्हन्ते. जंगलाचं. वाघ असते त्याच्यात.” मग जेवायचा.

शनिवारी प्रसेनजित आला. वायरमन. त्याची महामाया राखीच्याच वर्गात. तो ओसरीच्या पायरीवर उभा राहून बराच वेळ बघत राहिला, आणि त्यानं रांगोळी आणली नव्हती, म्हणून वंदनाला जरा बरं वाटलं.

“वहिनी, एक विचारू का? राग नका मानू. गल्ली इथंच काऊन संपली?”

“पुठ्ठा संपला, भाऊ.”

“हाव.” तो हसला. हसण्यात काही टोचणारं नव्हतं, तेच टोचलं. “पुठ्ठा नेहमी इथंच संपते वहिनी. रस्ता तं पुढं येते आमच्याकडे. नऊ घरं हायेत, विहार हाये.”

वंदनाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी राखीनं विचारलं होतं, महामायाचं घर कुठी काढू? आणि ती म्हणाली होती, आधी आपलं होऊ दे. दुष्टपणा कुणाच्या मनात नव्हता. पुठ्ठा साडीच्या खोक्याचा होता आणि साडीच्या खोक्याला उंबरटाकळीचा भूगोल माहीत नव्हता. पण हे सगळं बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “चुकलं माहं. जोडते मी.”

संध्याकाळी प्रसेनजितनं स्वतः प्लायवूडचा तुकडा आणून दिला. तुकडा कसला, जुन्या दुकानाची पाटी होती, मागच्या बाजूला अजून ‘सर्व प्रकारची’ एवढं वाचता येत होतं. आता गल्ली सतरा घरांची झाली, विहारासकट, आणि दरवाजापेक्षा रुंद झाली. आठ घरांपुरता काढलेला हिशोब हलला म्हणून आठही घरं पुन्हा हद्दी मारायला आली.

रविवारी वामनरावांनी जाहीर केलं की ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतल्या नमुना आठशी मॉडेल जुळलं पाहिजे. घरांची नोंद तिथं असते, काडेपेटीत नाही. त्यांनी ग्रामसेवकाला फोन लावला, स्पीकरवर. ग्रामसेवक भला माणूस, शांतपणे म्हणाला, “काका, असल्या अर्जाचा नमुना आमच्याकडे नाही.” वामनरावांनी फोन ठेवला आणि नमुना स्वतः तयार केला. कार्बन घालून, दोन प्रतींत :

‘सदर मॉडेल हे मॉडेल असून सदर मॉडेलवरून सदर गल्लीतील कोणाचाही हक्क सिद्ध अगर असिद्ध होत नाही. सदर शेळी अंदाजे आहे.’

शेळीवर जनकाबाई अडून बसल्या. शेळी अंदाजे नव्हती. शेवटी ‘सदर शेळी प्रत्यक्ष आहे’ अशी दुरुस्ती होऊन बाजूला वामनरावांची सही झाली, आणि तो कागद विहाराच्या मागं चिकटवला गेला. खाली मॉडेल करणारी म्हणून सही वंदनाची. तिनं आयुष्यात मॅट्रिकच्या फॉर्मनंतर एवढ्या गंभीर कागदावर सही केली नव्हती. सही झाली, आणि मग स्वतःचाच राग आला. घर तिचं, डिंक तिचा, काडेपेट्या तिच्या चुलीजवळच्या, आणि ओसरीत ती अशी उभी, जसं तिलाच कुणी मोजायला आलंय.

या सगळ्यात राखी कुठं होती? ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली. गुडघ्यावर हनुवटी, डोळे इकडून तिकडे. तिला कुणी काही विचारत नव्हतं. ती बोलत नाही हे सगळ्यांनाच माहीत. मोठी माणसं तिच्या डोक्यावरून भांडत होती, तिला ओलांडून पाणी प्यायला जात होती. रांगोळीची पहिली रेघ पडल्यापासून तिनं मॉडेलला बोट लावलं नव्हतं.

सोमवारी दुपारी दार लोटून वंदना तिच्यासमोर बसली. “म्हण बरं राणी. माझं नाव राखी. हे माझ्या गल्लीचं मॉडेल आहे. बस. एवढंच.”

“हे माह्या गल्लीचं नाई.”

“असं काऊन म्हन्ते?”

राखीनं खांदे उडवले. पुढं बोललीच नाही. आईजवळ, दार लोटलेलं असताना, बोललीच नाही. वंदनाला वाटलं, एक वाक्य मिळवायला निघालो आणि होती नव्हती तेवढीही घालवून बसलो! त्या रात्रीच्या आणि मंगळवारच्या स्वयंपाकाबद्दल न बोललेलं बरं. ती उठत होती, बसत होती, मॉडेलवरचं कापड उचलून बघत होती, झाकत होती. शालूबाई म्हणाल्या, “अवं, एका जागी बस. मले चक्कर येते तुह्याकडे पाहून.”

बुधवारी मॉडेल रिक्षात मावेना म्हणून दयारामचा टेम्पो आला. मॉडेल ठेवलं, वंदना आणि राखी चढल्या, शालूबाई चढल्या. मग जनकाबाई चढल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. मग वामनराव, फाईल घेऊन. मग प्रसेनजित.

“तुमी सगळे कायले येता?” वंदना कळवळून म्हणाली.

“रस्त्यात हादरे बसते ना, सूनबाई,” वामनराव म्हणाले. “एखादी हद्द सरकली तं?”

देऊळघाटच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती. इतर पोरांची मॉडेलं चिमुकली, एखाद्या बुटाच्या खोक्यात बसणारी, मागं फार तर एक आई. उंबरटाकळीच्या टेबलामागं मात्र लग्नातल्या फोटोसारखी रांग. सगळ्यांच्या मध्ये राखी, दोन वेण्या, मान खाली. धम्मशीला मॅडमनी लांबून वंदनाकडं पाहिलं आणि एक बोट वर केलं. एक.

तपासायला आले ते एक वयस्कर सर, स्वेटर घातलेले. मॉडेलपाशी थांबले. कागद वाचला. ‘सदर शेळी प्रत्यक्ष आहे’ इथं त्यांच्या भुवया वर गेल्या.

“अरे वा! कुणाची गल्ली ही? सांग बेटा.”

राखीनं मान आणखी खाली घातली.

कुठंतरी एका मॉडेलची मोटर गुर्र करत होती. जनकाबाईंनी मागून राखीला ढोसलं, “बोल ना, माय.” वामनराव घसा खाकरून म्हणाले, “सदर...” दयाराम म्हणाला, “पोरगी हुशार हाये सायेब, फक्त...” वंदनाच्या तोंडात वाक्य तयार होतं, तेरा दिवस घोळवलेलं. सांगून टाकावं आणि सुटावं. ती पुढं झाली. “सर, मी सांगते...”

“तुम्ही नका,” सर म्हणाले. “तिची आहे ना गल्ली?”

“नाई,” असा आवाज आला.

वंदनाला आधी कळलंच नाही तो कुणाचा. बाहेरच्या हवेत तिनं तो कधी ऐकला नव्हता.

“नाई,” राखी पुन्हा म्हणाली. “आमची गल्ली अशी नाई.” तिनं बोट पुढं केलं आणि हातपंपाजवळची रांगोळीची रेघ पुसून टाकली. “दयारामकाकाचा ओटा इथपर्यंत नाई. इथपर्यंत हाये. याच्यापुढं सगळ्याइचा रस्ता. अन हे संडास नाई, याच्यात कुटार हाये. काका लोटा घेऊन नाल्याकडे जाते.”

“बरं,” सर म्हणाले आणि पेन काढला.

“या मजल्यावर कांदा हाये. वामनआजोबा म्हन्ते तिथं भाड्यानं खोली द्यायची, पण जिना नाई. जनकाआजीची शेळी रोज याइच्या पायरीवर बसते, म्हून आजोबा तिच्यावर पाणी फेकते. आजी दिसली का हात धुतल्यासारखं करते.”

“अस्सं!” जनकाबाई वामनरावांकडं वळल्या.

“जनकाआजी लिंबाच्या मुळाशी गरम पाणी टाकते. लिंब मेला का तिथं गोठा व्हते.”

जनकाबाई परत सरळ झाल्या.

“राखी,” वंदना हळूच म्हणाली, “झालं बेटा. छान सांगितलं.”

पण आता कसलं झालं! सात-आठ महिन्यांचं साठलेलं होतं. महामायाच्या घरासमोर लाईटचा खांब आहे पण दिवा नाही, प्रसेनजितकाका स्वतः वायरमन आहेत आणि त्यांनी तीनदा अर्ज दिला. चुना लावायच्या दिवशी वारा नव्हता. प्रसेनजितनं ‘खरं हाये’ म्हणून मान डोलवली. रांगेत डोलवण्यासारखी ती एकच मान उरली होती. राखी शेवटी दारावर निळा पडदा असलेल्या काडेपेटीशी आली.

“हे आमचं घर. आमच्या नहाणीचं पाणी जनकाआजीच्या अंगणात जाते. आजी म्हन्ते उन्हाळ्यात नाली करू. दर उन्हाळ्यात म्हन्ते.” शालूबाईंना खोकला आला. “अन इथं मशीन हाये. दुपारी आई नुसतं पायडल हलवते, कपडा नसते. आजीले वाटते काम चालू हाये. आई मोबाइलवर गोष्टी वाचते.”

वंदनानं पदर तोंडाला लावला. खाली जमीन होती, शाळेची, फरशीची. ती दुभंगण्यातली नव्हती.

सरांनी चष्मा काढला. “बेटा, एवढं सगळं तुला कुणी सांगितलं?”

“कोनी नाई सांगत,” राखी म्हणाली. “मी बोलत नाई ना. म्हून सगळे माह्यासमोरच बोलते.”

व्हरांड्याच्या त्या टोकाला धम्मशीला मॅडमनी भिंतीकडं तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर निकाल वाचला तेव्हा कळलं : ‘उत्तेजनार्थ. मॉडेल चुकीचे, माहिती बिनचूक.’

परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही. बोलायचं काय, आणि कुणासमोर? वामनराव फाईल मांडीवर घेऊन रस्ता बघत होते. शालूबाई सुनेकडं बघत होत्या, पायडलचा हिशोब लावत. दयाराम इतक्या हळू गाडी चालवत होता, जणू तीही कुणाला काही सांगेल. आवाज होता तो फक्त राखीचा. हा पूल, ते शेत कुणाचं, ती म्हैस मागच्या आठवड्यात कुणी विकली आणि का.

जनकाबाई वंदनाच्या कानाशी वाकल्या. “वंदे, पोरीले जराशी गप कर ना वं. गाव जवळ आलं.”

वंदनानं लेकीच्या सुटलेल्या वेणीचं रिबन दातात धरलं होतं. तिनं ते काढून नीट बांधलं, गाठ मारली, आणि म्हणाली, “राखी, मंग? त्या म्हशीचं काय झालं पुढं?”